बेसमेंटची जमीन आणि बेसबोर्ड: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

अमेरिकेत किंवा कॅनडात घर घेतलेल्या मराठी माणसाचे लक्ष उशिरा का होईना, बेसमेंटकडे जातेच. गणपतीची आरास, दिवाळीची मैफल, मुलांचा धुडगूस, उन्हाळाभर राहायला आलेले आईबाबा, या सगळ्यांना जागा तिथेच सापडते. भिंतींचा सांगाडा, वायरिंग, ड्रायवॉल (सांगाड्यावर ठोकायचे जिप्समचे तक्ते) ही कामे बहुतेक जण माणसे लावून करून घेतात, आणि घ्यावीतही. या कामांना सहसा गावच्या बिल्डिंग खात्याचा परवाना लागतो, मधूनमधून तपासणी होते. जमीन टाकणे आणि भिंतीच्या पायथ्याशी बेसबोर्ड मारणे हे मात्र घरच्या दोन माणसांना काही शनिवार-रविवारांत जमण्यासारखे आहे.

मी असे धरून चालतो की ड्रायवॉल लागली आहे, लांबी भरून घासून झाली आहे, भिंतींना रंगाचा निदान एक हात बसला आहे आणि दारांच्या चौकटीही जागेवर आहेत. जमीन त्यानंतर टाकायची आणि बेसबोर्ड सर्वांत शेवटी.

आधी एक सवय सोडावी लागते. आपल्याकडे गवंडी फरशी सिमेंटच्या मालात बसवतो, कडेला स्कर्टिंग चिकटवतो आणि सगळे घराशी एकजीव होऊन जाते. इथली फळ्यांची जमीन काँक्रीटवर नुसती ठेवलेली असते. एकमेकींत अडकवलेल्या फळ्यांची ती एक सलग चटईच. हवामानाप्रमाणे ती थोडी पसरते, थोडी आकसते. तिला कुठे खिळ्याने, स्क्रूने किंवा अवजड कपाटाने जखडले, की ती दुसरीकडे फुगून उठते किंवा सांधे उघडते. पुढच्या बऱ्याचशा सूचना या एकाच गोष्टीतून निघतात.

आधी ओल बघा

बेसमेंटचे काँक्रीट कोरडे दिसले म्हणून ते कोरडे असतेच असे नाही. ते सच्छिद्र असते, चहूबाजूंच्या मातीतली ओल शोषत राहते आणि वाफेच्या रूपाने वर सोडते. उघडे असताना ती वाफ हवेत विरते, म्हणून दिसत नाही. वर जमीन टाकली की तिची वाट बंद होते.

सोपी चाचणी अशी: दोन फूट लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा काँक्रीटवर ठेवून चारही कडा टेपने पक्क्या बंद करायच्या आणि दोन-तीन दिवस हात लावायचा नाही. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा खालचे काँक्रीट काळपट पडले, तर ओल वर येते आहे. असे तुकडे तीन-चार ठिकाणी लावा, त्यातला एक बाहेरच्या भिंतीजवळ हवाच. चाचणी बर्फ वितळण्याच्या किंवा भरपूर पावसाच्या दिवसांत करावी. कोरड्या ऑक्टोबरात उत्तीर्ण होणारे बेसमेंट एप्रिलमध्ये नापास होऊ शकते. प्लास्टिक फक्त हो की नाही एवढेच सांगते. बऱ्याच कंपन्या वॉरंटीसाठी आकडा मागतात, आणि तो काँक्रीटला भोक पाडून आत आर्द्रतामापक ठेवून किंवा कॅल्शियम क्लोराइडच्या चाचणीने काढतात. तुमच्या फळ्यांना किती ओल चालते हे खोक्यातल्या पत्रकात छापलेले असते. ते पत्रक काम सुरू करण्यापूर्वी वाचायचे असते. बहुतेक जण ते फळ्यांची शेवटची ओळ आल्यावर वाचतात.

घर नवे असेल तर आणखी सबुरी. काँक्रीट २८ दिवसांत पुरेसे बळ धरते, पण वाळत नाही. वाळायला जाडीच्या दर इंचाला साधारण महिना, असा ढोबळ हिशेब कारागीर धरतात. म्हणजे ४ इंचांच्या काँक्रीटला चार महिने.

काँक्रीटवर पांढरी भुकटी दिसते का? तो लोणा. पाणी आतून आले, क्षार सोडून उडून गेले, असा त्याचा अर्थ. घासून रंग मारल्याने तो जात नाही. उपाय बहुतेक वेळा घराबाहेर असतो. पन्हळी साफ आहेत का, पन्हळीच्या नळाचे पाणी भिंतीच्या बुडाशीच पडते की लांब जाते, माती घराकडे उतरते की घरापासून दूर, हे बघा. अमेरिकेतला निवासी बांधकाम कोड पहिल्या १० फुटांत ६ इंच उतार मागतो. जुन्या घरांभोवती माती खचून हा उतार बऱ्याचदा उलटा झालेला असतो आणि कधी कधी दोन ट्रक माती टाकल्यानेच बेसमेंट कोरडे होते. संप पंप (बेसमेंटच्या खड्ड्यात साचलेले पाणी बाहेर फेकणारा पंप) असेल तर त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून तो सुरू होतो का ते पाहा. वीज गेली तरी चालावा म्हणून बॅटरीचा जोड घ्या. मोठ्या वादळातच वीज जाते आणि पंपही तेव्हाच लागतो.

काँक्रीट झाकण्यापूर्वीच्या दोन तपासण्या

पहिली रेडॉनची. मातीतून येणारा हा किरणोत्सारी वायू दिसत नाही, त्याला वासही नाही. अमेरिकेत फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानाखालोखाल त्याचाच क्रमांक लागतो. पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी आणि न्यू यॉर्कमधून जाणारा रीडिंग प्राँग हा खडकांचा पट्टा त्यासाठी कुप्रसिद्ध आहे आणि आपली बरीच मंडळी त्याच राज्यांत राहतात. हार्डवेअरच्या दुकानात चाचणीचा संच मिळतो. लिटरमागे ४ पिकोक्युरी किंवा जास्त आकडा आला, तर उपाय करावा असे अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते. कॅनडातली मर्यादा घनमीटरमागे २०० बेकरेल आहे. उपाय म्हणजे काँक्रीटला भोक पाडून पाइप आणि पंखा बसवणे. नवी जमीन टाकून झाल्यावर तिला भोक पाडायला कोणाला आवडेल?

दुसरी तपासणी फक्त जुन्या घरांसाठी. १९८० च्या आधीच्या घरात ९ इंच लांब-रुंद चौकोनी फरश्या आणि खाली काळा गोंद दिसला, तर त्यात ॲस्बेस्टस असण्याची दाट शक्यता असते. खरवडू नका, घासू नका, तोडू नका. तुकडा प्रयोगशाळेत तपासून घ्या. फरश्या घट्ट आणि अखंड असतील तर पुष्कळदा त्या तशाच ठेवून वर नवी जमीन टाकता येते.

कोणता माल घ्यायचा

सबंध लाकडाच्या फळ्या जमिनीच्या पातळीखाली टाकायच्याच नाहीत. साधे लॅमिनेट स्वस्त असते, पण त्याचा गाभा लाकडाच्या भुशाचा. एकदा भिजला की कडा फुगतात आणि परत बसत नाहीत. कार्पेट पायाला उबदार, पण भिजल्यावर बुरशीचे माहेरघर. सिरॅमिक टाइल पाण्याला सर्वांत टिकाऊ आणि आपल्याला सवयीची. पण थंडीत पाय गारठतात, खालच्या काँक्रीटची भेग कालांतराने टाइलमधून वर येऊ शकते, आणि नवशिक्याच्या हातून टाइल एका पातळीत बसणे अवघड.

म्हणून पहिल्या कामासाठी माझे मत क्लिक पद्धतीच्या व्हिनाइल फळ्यांच्या बाजूने पडते. त्यातही एसपीसी, म्हणजे चुनखडीची भुकटी आणि प्लास्टिक यांचा कडक गाभा असलेल्या. वरच्या पारदर्शक थराची जाडी ‘मिल’मध्ये लिहितात. १ मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. घरासाठी १२ मिल चालतो. पाहुण्यांची वर्दळ आणि मुलांच्या सायकली असतील तर २० मिल घ्या. जाहिरातीत मात्र ‘वॉटरप्रूफ’ वाचून निर्धास्त होऊ नका. पाण्याने फळी खराब होत नाही एवढेच खरे. पाणी कडेने फळीखाली जाते आणि तिथेच साचून राहते.

उबेसाठी काही जण आधी प्लास्टिकचे खुंट असलेले सबफ्लोअर पॅनेल टाकतात. खाली हवा खेळती राहते, पायाला थंडी कमी वाजते. पण जिना मोजल्याशिवाय ते विकत घेऊ नका. पॅनेल आणि फळी मिळून जमीन साधारण इंचभर वर येते, म्हणजे शेवटच्या पायरीची उंची तेवढी कमी होते. कोडप्रमाणे एका जिन्यातल्या सर्वांत उंच आणि सर्वांत कमी पायरीत ३/८ इंचापेक्षा जास्त फरक चालत नाही. तपासनीस हे टेप लावून मोजतो. तो आला नाही तरी अंधारात उतरणारा पाय तेवढ्या फरकाला अडखळतोच. नुसत्या पाव इंचाच्या फळीने सहसा ही अडचण येत नाही. छताचेही बघा: राहत्या खोलीला कोड ७ फूट उंची मागतो. जुन्या बेसमेंटमध्ये तो इंचही मोलाचा असतो.

फळीच्या मागे आधीच फोमचा थर चिकटवलेला असेल तर खाली आणखी मऊ अंडरले, म्हणजे फळ्यांखालचे अस्तर, घालू नका. दोन मऊ थरांवर सांधे खालीवर होतात आणि क्लिकच्या बारीक कडा तुटतात. क्षेत्रफळाच्या वर १० टक्के माल जास्त घ्या, आणि सगळी खोकी एकाच लॉटची आहेत ना, हे दुकानातच तपासा.

सपाटी

जमिनीला थोडा उतार असला तरी बिघडत नाही. खड्डे आणि उंचवटे मात्र चालत नाहीत. साधारण अट १० फुटांत ३/१६ इंच. १० फुटी सरळ पट्टी घेऊन खोलीभर आडवी, उभी, तिरकी फिरवा. पट्टी डुलली तिथे उंचवटा, पट्टीखालून उजेड दिसला तिथे खड्डा. पेन्सिलीने घेरे काढत जा. हे काम कंटाळवाणे आहे आणि यात घालवलेला दिवस पुढे कोणाला दिसत नाही. तो वाचवला तर मात्र चालताना दर पावलाला ऐकू येतो.

उंचवटा डायमंड चाकाच्या ग्राइंडरने घासतात. ग्राइंडरला व्हॅक्यूम जोडलेला हवा आणि तोंडावर निदान एन-९५, शक्य तर पी-१०० मास्क. काँक्रीटची धूळ म्हणजे सिलिका, आणि ती फुफ्फुसात कायमची बसते. वरच्या मजल्याकडे जाणाऱ्या हवेच्या जाळ्या प्लास्टिकने बंद करा, घर तापवणारी भट्टी बंद ठेवा.

खड्ड्यांसाठी सेल्फ-लेव्हलिंग, म्हणजे आपोआप पातळीत पसरणारे, सिमेंट. आधी काँक्रीट स्वच्छ करून त्यावर त्याच कंपनीचा प्रायमर लावा, नाहीतर वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. पाणी पिशवीवर लिहिलेल्या मापानेच घाला. मिसळलेला माल काही मिनिटांतच आळू लागतो, तेव्हा एकाने कालवायचे आणि दुसऱ्याने ओतायचे. फ्लोअर ड्रेनभोवती आधी फोमच्या पट्टीचा बांध घाला. ओतलेला माल ड्रेनमध्ये गेला तर प्लंबर बोलवावा लागतो. भट्टी आणि गीझर आहेत त्या खोलीत मी जमीन टाकतच नाही. तिथले काँक्रीट ड्रेनकडे उतरते आणि ते तसेच उतरू द्यावे.

ओळींचा हिशेब

खोकी खोलीत आडवी ठेवून दोन दिवस राहू द्या. तोवर हिशेब करा. फळ्या सहसा खोलीच्या लांबीच्या दिशेने घालतात.

समजा खोली १३ फूट रुंद, म्हणजे १५६ इंच, आणि फळी ७ इंच रुंद. दोन्ही भिंतींजवळ पाव पाव इंच फट सोडली की उरले १५५ १/२ इंच. त्यात २२ ओळींचे १५४ इंच जातात आणि शेवटी दीड इंचाची चिंधी उरते. एवढी अरुंद पट्टी नीट बसत नाही आणि दिसतेही वाईट. म्हणून एक पूर्ण फळी आणि ती चिंधी मिळून ८ १/२ इंच होतात, त्याचे दोन सारखे भाग करा. पहिली ओळ ४ १/४ इंच, मध्ये २१ पूर्ण ओळी, शेवटची पुन्हा ४ १/४ इंच.

बेसमेंटची भिंत सरळ असेलच असे धरू नका. भिंतीपासून मोजून खडूची दोरी मारा आणि पहिली ओळ दोरीला लावा. भिंतीचा वाकडेपणा फटीत जिरतो, आणि फट पुढे बेसबोर्ड झाकतो.

फळ्या बसवताना

लागणारी हत्यारे थोडी आहेत: कटर, गुण्या, टेप, रबरी हातोडा, ठोकायचा ठोकळा, शेवटच्या ओळीसाठी ओढायची लोखंडी पट्टी, फटीसाठी स्पेसर, वळणे कापायला जिगसॉ आणि चौकटी कापायला थरथरणाऱ्या पात्याचे ऑसिलेटिंग टूल. आणि गुडघ्यांना पॅड. तिशीतल्यांनाही सांगतो, लावा.

आधी दारांच्या चौकटींचे बूड कापून घ्या. फळीचा तुकडा चौकटीला टेकवून त्यावर पाते आडवे धरायचे आणि तेवढ्या जाडीचे लाकूड काढायचे. मग फळी चौकटीखाली सरकते. चौकटीच्या आकाराची फळी कापत बसण्यापेक्षा हे सोपे आणि दिसायला कितीतरी नेटके.

पहिल्या ओळीची भिंतीकडची जीभ, म्हणजे खोबणीत जाणारी पुढे आलेली कड, कापून टाका. लांबीची कड तिरकी धरून खोबणीत घालायची आणि खाली दाबायची, मग टोकाचा सांधा ठोकळ्याने हलकेच बसवायचा. सांधा मिटत नसेल तर जोर लावू नका. फळी काढा, खोबणीत कचऱ्याचा कण अडकलेला असतो, तो झटका. थेट फळीच्या कडेवर हातोडा मारला की क्लिकची कड तुटते आणि तो सांधा आज नाही तर महिन्याने उघडतो.

फळी आडवी कापायला करवत लागत नाही. गुण्या धरून कटरने दोन-तीनदा जोरात रेघ ओढायची आणि फळी मागे वाकवून मोडायची. ओळीच्या शेवटी उरलेला तुकडा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला वापरा, मात्र शेजारच्या ओळींचे टोकाचे सांधे निदान ८ इंच दूर राहू द्या. सांध्यांचा जिना दिसता कामा नये. तीन-चार खोकी एकदम उघडून फळ्या मिसळून घ्या. छापील नक्षी ठरावीक फळ्यांनंतर परत येते आणि दोन जुळ्या फळ्या शेजारी आल्या की नजर तिथेच जाते.

लोखंडी खांब मध्ये आला तर ओळीचा टोकाचा सांधा खांबाच्या मध्यावर येईल अशी फळी कापा आणि दोन्ही तुकड्यांत अर्धे अर्धे वर्तुळ काढा. खांबाभोवतीही पाव इंच फट हवी. जिन्याच्या बुडाशी, दारात, शेकोटीजवळ, सगळीकडे ती हवी. कपाटे किंवा बारचा ओटा आधी काँक्रीटवर बसवा आणि फळ्या त्याच्यापर्यंत आणून थांबवा. सोफा, टेबल, गणपतीचे मखर वर ठेवायला हरकत नाही, कारण ते हलवता येते. अंगणात उघडणारे काचेचे दार असेल आणि दुपारचे ऊन थेट आत येत असेल, तर तिथे पडदा लावा. तापलेले व्हिनाइल चांगलेच पसरते.

बेसबोर्ड

दुकानात एमडीएफचे (लाकडाचा भुसा दाबून केलेले) बेसबोर्ड सर्वांत स्वस्त आणि गुळगुळीत असतात. बेसमेंटमध्ये ते घेऊ नका. खालची कड एकदा पाणी प्यायली की पावासारखी फुगते. पीव्हीसी किंवा प्रायमर लावलेले पाइनचे घ्या. लावण्यापूर्वी रंगाचा एक हात आडवे ठेवूनच मारा, लाकडी असेल तर मागची बाजू आणि कापलेली टोकेही रंगवा.

बेसबोर्ड भिंतीला लटकतो, जमिनीवर दाबून बसत नाही. खिळे मारताना खाली जाड कार्ड ठेवा आणि नंतर काढून घ्या. तेवढी फट डोळ्यांना दिसत नाही, पण जमीन खालून मोकळी सरकते. २ इंची १६ गेजचे गॅल्व्हनाइज्ड खिळे आणि नेलर, म्हणजे खिळे मारायचे यंत्र, पुरतो. नेलर दिवसाच्या भाड्याने मिळतो. बेसबोर्ड आणि ड्रायवॉल मिळून सुमारे इंचभर जाते, उरलेला इंच लाकडात घुसतो. याहून लांब खिळा वापरू नका, आत वायरी आहेत. वरचा खिळा स्टडमध्येच, म्हणजे भिंतीच्या सांगाड्यातल्या उभ्या लाकडातच, मारायचा. स्टड साधारण १६ इंचांवर असतात, शोधून आधीच टेपने खुणा करा. खालचा खिळा जमिनीपासून पाऊण इंचावर मारला तर भिंतीच्या आडव्या तळपट्टीत बसतो, तो कुठेही चालतो.

कोपऱ्यांवरच सगळ्यांची परीक्षा होते. आतल्या कोपऱ्यात दोन्ही तुकडे ४५ अंशांत कापून जुळवायचा मोह होतो. कोपरा क्वचितच काटकोनात असतो, आणि असला तरी हिवाळ्यात लाकूड आकसून सांधा तोंड उघडतो. कारागीर कोपिंग करतात. पहिला तुकडा सरळ कापून थेट कोपऱ्याला भिडवायचा. दुसरा आधी आतल्या बाजूने ४५ अंशांत कापायचा, म्हणजे त्याच्या तोंडावर नक्षीची बाह्यरेषा उमटते. त्या रेषेवरून कोपिंग सॉने मागच्या बाजूला किंचित तिरके कापत गेले की दुसऱ्या तुकड्याचे टोक पहिल्याच्या नक्षीवर चपखल बसते. कोपरा ८८ अंशांचा असो की ९२, फरक पडत नाही. पहिले दोन-तीन तुकडे वाया जाणारच, म्हणून टाकाऊ तुकड्यांवर हात बसवा. सपाट, नक्षी नसलेले बेसबोर्ड घेतले तर ही कटकटच नाही, आतला कोपरा सरळ कापूनच जुळतो. पहिल्या कामाला मी तेच सुचवीन.

बाहेरच्या कोपऱ्याला ४५ अंशांचा सांधाच लागतो. दोन छोटे तुकडे कापून आधी धरून पाहा. समोर फट दिसली तर दोन्ही ४५ १/२ करा, मागे दिसली तर ४४ १/२. सांध्यात लाकडाचा गोंद लावा. लांब भिंतीवर दोन पट्ट्या जोडायच्या तर दोन्ही टोके तिरकी कापून एकावर एक चढवा, आणि हा सांधा स्टडवरच येऊ द्या.

ड्रायवॉल आडवी लावली असेल तर तिची खालची कड निमुळती असते आणि बेसबोर्डचे बूड आत झुकते. अशा जागी भिंतीच्या बुडाशी एक ड्रायवॉल स्क्रू अर्धवट पिळून ठेवा. त्याचे डोके आत-बाहेर करून बेसबोर्ड ओळंब्यात आणता येतो.

खिळ्यांच्या भोकांत लांबी भरा, वरच्या कडेला रंगवता येणारे कॉक, म्हणजे फट बुजवायची मऊ पेस्ट, ओल्या बोटाने ओढा, रंगाचा शेवटचा हात द्या. खालच्या कडेला कॉक लावायचे नाही, ते जमिनीला चिकटते. जमीन आणि बेसबोर्ड यांच्यात लहरी दिसत असतील तर क्वार्टर राउंडची, म्हणजे पाव गोलाईची बारीक, पट्टी लावा आणि तिचे खिळे बेसबोर्डमध्येच मारा.

रोजच्या वापरात

उन्हाळ्यात डीह्युमिडिफायर लावून आर्द्रता ५० टक्क्यांखाली ठेवा. खालून रबर असलेली पायपुसणी व्हिनाइलवर कायमचा पिवळा डाग पाडतात, कापडी वापरा. समई आणि निरांजनाखाली ताट हवेच. फरशी बादलीने धुवायची आपली सवय इथे नको, पिळलेल्या फडक्याने पुसा.

उरलेल्या फळ्यांचे एक खोके, खोक्यावरच्या लॉट क्रमांकासह, आणि बेसबोर्डचे दोन तुकडे जपून ठेवा. पुढेमागे पाणी शिरलेच, तर कॉकची रेघ कटरने कापायची, बेसबोर्ड अलगद सोडवायचे, शेवटच्या ओळीपासून फळ्या एकेक उलगडत पाठीवर क्रमांक लिहायचे. पाणी स्वच्छ असेल तर फळ्या पुसून, काँक्रीट पंख्याने पूर्ण वाळवून, प्लास्टिकची चाचणी परत करून त्याच क्रमाने बसवता येतात. पाणी सांडपाण्याचे असेल तर फळ्यांचा मोह धरू नका, फेकून द्या आणि विमा कंपनीसाठी आधी फोटो काढा.